दणकट रेड वाइन चाखायची कशी आणि तिच्याबद्दल बोलायचं कसं, आमच्या इंदूरच्या स्वयंपाकघरातून

पहिल्यांदा घरी शिराझची बाटली उघडली तेव्हा सासूबाईंनी ग्लास नाकाजवळ नेला, दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर द्राक्षासव!" आम्ही सगळे खो खो हसलो. पण खरं सांगू का, त्या संध्याकाळी टेबलाभोवती जे सहा जण बसलो होतो त्यात तेवढं एकच वर्णन बरोबर झालं होतं. बाकीचे आम्ही बाटलीच्या पाठीवरचं वाचून ‘ब्लॅककरंट’, ‘सीडार’ असलं काहीतरी म्हणत होतो आणि ब्लॅककरंट आमच्यातल्या एकानेही जन्मात खाल्लेलं नव्हतं. द्राक्षासवात मनुका असतात, लवंग, मिरी, दालचिनी असते, धायटीच्या फुलांनी ते आंबवतात, म्हणजे आईंनी एका शब्दात फळ, मसाला आणि आंबवण तिन्ही सांगून टाकलं.

तेव्हापासून मी एकच नियम केलाय, जे आपण खाल्लंय, हुंगलंय त्याचेच शब्द वापरायचे. खाली जे लिहितेय ते अगदी नवीन माणसासाठी आहे, ज्याने अजून एकही बाटली नीट चाखलेली नाही किंवा चाखली पण ‘कडू आहे’ याच्यापलीकडे काही सुचलं नाही. (आणि हो, मध्य प्रदेशात २१ पूर्ण असल्याशिवाय दुकानातून घेता येत नाही, तेव्हा कॉलेजवाल्यांनी नुसतं वाचा.)

दणकट म्हणजे नक्की काय

दुधावरून समजेल. स्किम्ड दूध, टोन्ड दूध आणि सांचीचं फुल क्रीम, तिन्ही तोंडात घेऊन बघा, चव जवळपास तीच पण जिभेवरचं वजन वेगळं. वाइनमध्ये त्यालाच बॉडी म्हणतात, मी अंग म्हणते. दणकट वाइन म्हणजे भरलेल्या अंगाची, रंगाने गडद, अल्कोहोल साधारण साडेतेरा-चौदा टक्के किंवा वर, फळाचा वास जोरात आणि तोंड आवळणारा तुरटपणा. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, झिनफँडेल, माल्बेक या द्राक्षांची नावं लेबलवर दिसली की बहुतेक वेळा याच घराण्यातली निघते.

त्यातला तुरटपणा हा सगळ्यात महत्त्वाचा आणि गंमत अशी की इथे आपण मराठी माणसं आधीच पुढे आहोत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस आपल्याकडे लहानपणीच पाठ होतात, त्यामुळे जांभूळ खाल्ल्यावर, कच्चं केळं चावल्यावर, आवळा किंवा सुपारीचं खांड तोंडात ठेवल्यावर जे होतं त्याला आपण कधी कडू म्हणत नाही. पण तीच मंडळी वाइन प्यायली की पटकन ‘कडू’ म्हणतात! कडू म्हणजे कारलं. हे तुरट आहे. कडू जिभेला कळतं आणि तुरट गालांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांना कळतं, सगळं तोंड कोरडं खरखरीत होतं कारण द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांमधलं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो.

पायरी पहिली, वाइनच्या आधी चहा

हा प्रयोग केल्याशिवाय बाटली उघडू नका, फुकटचा आहे. तीन कप घ्या, तिन्हीत एक एक चमचा चहा पावडर, साखर नाही, वरून उकळतं पाणी. पहिला एका मिनिटात गाळा, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा दहा मिनिटांनी. कोमट झाल्यावर क्रमाने एक एक घोट, तोंडात फिरवून. पहिला पाण्यासारखा जाईल, दुसऱ्याला गाल जरा ओढले जातील, तिसऱ्याला तोंड पार आवळून येईल, वरचा ओठ दातांना चिकटल्यासारखा वाटेल. ते टॅनिन. आता तिसऱ्या कपात दोन चमचे दूध घाला आणि परत प्या. आवळणं गेलं ना? दुधातल्या प्रोटीनने टॅनिन धरून ठेवलं, आता तुमच्या लाळेच्या वाट्याला कमी आलं. दणकट रेडबरोबर मटण नाहीतर चीज का देतात त्याचं निम्मं उत्तर या कपात आहे.

माझी नणंद या प्रयोगाला आली होती आणि तिसरा कप पिऊन म्हणाली वहिनी, यापेक्षा आपला साधा चहा करा ना. केला.

खरेदी

दुकानात ‘रेड वाइन द्या’ म्हटलं की हमखास विचारतात, "मॅडम, मीठी वाली ना?" आणि पोर्ट लिहिलेली गोड बाटली पुढे सरकते. ती पोर्ट आणि पोर्तुगालच्या डोउरो खोऱ्यातली खरी पोर्ट यांचा संबंध नावापुरताच, खऱ्या पोर्टमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाची ब्रँडी ओततात, त्याने आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. आपल्याला आज यातलं काहीच नको, ‘ड्राय रेड’ हवी असं स्पष्ट सांगा. ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढंच.

देशी बाटलीनेच सुरुवात करा असं माझं मत. आपला ए.बी. रोड (आग्रा-मुंबई रस्ता) धरून सेंधवा, धुळे, मालेगाव करत गेलं की नाशिकच लागतं, तिथे सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेलीची सेत्ते आहे (सांजोवेझे आणि कॅबर्ने), बंगळूरजवळच्या नंदी हिल्सकडची ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह आहे, ती कॅबर्ने-शिराझ. तिन्ही ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेल्या, आणि मुरवणे हा शब्द आपल्याला लोणच्यामुळे समजावून सांगावा लागत नाही. नाशिकला फिरायला गेलात आणि चार बाटल्या डिकीत टाकून आणायचा विचार असेल तर आधी दोन्ही राज्यांचे एक्साइजचे नियम बघा, उगाच बॉर्डरवर शोभा नको. आणि पाहुण्यांना घेऊन महेश्वरला चालला असाल तर तिथे, ओंकारेश्वरला, उज्जैनला १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानंच बंद आहेत, त्या ट्रिपला घाटावर बसून चहा प्या.

लेबलवर द्राक्ष तोडल्याचं साल असतं. आपल्याकडे वेलाची मुख्य छाटणी पावसाळा संपता संपता आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे युरोपच्या अगदी उलट, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडतात. पहिल्या वेळी सालाचा फार विचार करू नका.

बाटली ७५० मिलीची, चाखायला एकाला ५० मिली पुरे. म्हणजे एका बाटलीत पंधरा जण चाखतात आणि सहा जण असाल तर प्रत्येकाला चाखून वर जेवणाबरोबर अर्धा ग्लास मिळतो.

गार किती करायची

हे सगळ्यात जास्त चुकतं. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे कुणीतरी सांगितलेलं असतं, पण ती रूम म्हणजे थंड देशातलं जुनं दगडी घर, मे महिन्यातली इंदूरची रूम नाही! दणकट रेडला १६ ते १८ डिग्री हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात बाटली तास-सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवा, डिसेंबर-जानेवारीत दहा मिनिटं पुष्कळ, गराडू (तळून खायचा कंद) खायच्या थंडीत तर तेही नको. गरम राहिली तर अल्कोहोल नाकात झणकतं आणि बाकी काही कळत नाही, फार गार झाली तर वास मिटून बसतो आणि तुरटपणा टोचायला लागतो. बर्फ नका घालू. पाहुणे घालतात, घालू देत, तुम्ही नका घालू.

ग्लास, हवा आणि देवघर

पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता काचेचा ग्लास, एक तृतीयांशच भरायचा, वर वास साठायला जागा पाहिजे. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि वास पसरून जातो. दणकट वाइनला प्यायच्या आधी अर्धा तास हवा लागू द्या, नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही कारण बाटलीचं तोंड रुपयाएवढं, काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. आमच्याकडे एकदा हौसेने आजेसासूबाईंच्या पितळी तांब्यात ओतली होती, कल्हई कधीच उडालेली. वाइन आंबट असते हे आम्ही विसरलो आणि पितळेत ताक कळकतं तशी ती कळकली, सगळी मोरीत.

अजून एक, जे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. संध्याकाळची उदबत्ती आणि हिंगाची फोडणी. आमच्याकडे दिवेलागणीला उदबत्ती लावतात, त्याच्या तासाभरात वाइन हुंगायला बसलात तर सगळ्या बाटल्यांना चंदनाचा वास येईल. अत्तर, परफ्यूम, तोंडात बडीशेप, पान, काही नको. दात घासून लगेच तर मुळीच नको.

बघणं

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा. मी नईदुनिया या आमच्या हिंदी पेपरचं पान धरते, मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर वाइन फिकी, डोळे ताणून दिसली तर मध्यम, काहीच दिसलं नाही तर गडद. मग कड बघा. तरुण वाइनची कड जांभळी, जांभळं खाल्ल्यावर जिभेची होते तशी, वय वाढलं की विटकरी आणि मग गेरूकडे जाते. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ज्या धारा ओघळतात त्याकडे बघून लोक मान डोलवतात, ‘वा, काय क्वालिटी’, पण त्या धारा मुख्यतः अल्कोहोलमुळे, ते किती आहे याचा अंदाज देतात, चांगुलपणाचा नाही.

डोळ्यावर जास्त विश्वास मात्र नको. फ्रान्समधल्या बोर्दोचा, २००१ साली छापलेला एक प्रयोग आहे, वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन दिली पण वास नसलेला लाल रंग घालून, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेले लोक फसले, तेव्हा आपण फसलो तर लाज नाही.

हुंगणं, इथे वेळ घालवा

एकदा ग्लास न हलवता हुंगा, मग टेबलावर टेकवून गोल फिरवा आणि नाक आत घालून परत हुंगा, छोटे छोटे दोन-तीन श्वास, कुत्रं हुंगतं तसे. लांब श्वास घेतला की नाक थकतं. थकलंच तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, परत ताजं होतं.

बहुतेक चव नाकातच असते हे पटत नसेल तर चिमूटभर बडीशेप घ्या, नाक दाबून चावा, नुसती गोडसर काहीतरी भुशासारखी लागेल, मग नाक सोडा आणि बडीशेप एकदम उमलते. वाइनचंही तसंच.

नाकाची तालीम मसाल्याच्या डब्यावर होते. मी काय केलं, सहा वाट्या घेतल्या, लवंग, काळी मिरी, दालचिनी, भाजलेलं सुकं खोबरं, कोको पावडर आणि काळे मनुके, वर रुमाल टाकला, आणि घरातल्या सगळ्यांना डोळे मिटून ओळखायला लावलं. आईंना सहाच्या सहा आले, मला चार. आमच्या ह्यांना मिरी ओळखता आली नाही, ती वाटी त्यांनी दोनदा परत दिली, म्हणाले यात काही नाहीये. मला वाटलं सर्दी असेल. पण मग वाचलं की शिराझमध्ये मिरीचा जो वास येतो तो ‘मिरीसारखा’ नसून मिरीचाच असतो, रोटंडोन नावाचा एकच पदार्थ दोन्हीकडे, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये दाखवून दिला, आणि त्याच अभ्यासात साधारण दर पाचातल्या एकाला तो वासच येत नव्हता. म्हणजे शेजारच्याला येतोय आणि तुम्हाला येत नाहीये तर भांडू नका, कदाचित दोघंही खरं बोलताय.

लवंगेचंही तसंच, लवंगेतलं युजेनॉल आतून भाजलेल्या ओकच्या लाकडातून वाइनमध्ये उतरतं, व्हॅनिलाही तिथूनच येतो, आणि अमेरिकन ओक असेल तर सुक्या खोबऱ्याचा वास. कॅबर्नेमध्ये कधी सिमला मिरची येते, द्राक्ष पुरतं पिकलं नसेल तर जास्तच. हे सगळं कुणाच्या कल्पनेतलं नाही, खरोखर बाटलीत असतं.

शब्द कुठून आणायचे, तर फळांपासून सुरू करा. आपल्याकडे जांभूळ, करवंद, शहतूत, फालसा, आलूबुखारा, काळे मनुके एवढं आहे आणि दणकट रेडला तेवढं भरपूर झालं. पण नुसतं जांभूळ म्हणू नका, कोणत्या अवस्थेतलं ते सांगा, झाडाखालून उचललेलं ताजं, की दोन दिवस डब्यात राहून मऊ झालेलं, की साखर घालून आटवलेलं. गरम प्रदेशातली वाइन असली की बहुतेक मुरांब्याकडे झुकते. त्यानंतर मसाला, मग लाकूड-धूर (भरताचं वांगं भाजताना गॅसवर जो वास येतो तो, शार्पनरमधल्या पेन्सिलच्या सालपटांचा, तो कॅबर्नेत फार येतो), आणि सगळ्यात शेवटी विचित्र वास, पहिल्या पावसाची माती, नव्या चपलेचं चामडं, आजोबांच्या चंचीतला तंबाखू. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन नोबल नावाच्या प्राध्यापिकेने असे वास एका चक्रावर मांडले, आतल्या गोलात ‘फळ’, बाहेर जाताना कोणतं फळ, मग त्यातलं कोणतं. चक्र चांगलंय पण त्यात करवंद नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरात भिजलेल्या पेपरच्या रद्दीचा वास आला तर ती वाइनची खासियत नव्हे, बूच खराब होतं. आजकाल पुष्कळ देशी बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं त्यामुळे हा प्रकार कमी झालाय, आणि फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातली हा गैरसमज काढून टाका.

घोट

आता प्या, पण पाण्यासारखी नाही. मोठा चमचाभर वाइन तोंडात, गालांना, हिरड्यांना सगळीकडे लागू द्या, ओठ जरासे उघडून थोडी हवा आत ओढा, सुर्र असा आवाज येईल, येऊ दे, गरम वरण भुरकताना आपण हेच करतो. लक्ष ठेवायच्या चारच गोष्टी. आंबटपणा, म्हणजे जिभेच्या कडांना पाणी सुटतं का. तुरटपणा, गाल आवळतात का आणि कसे, चहाच्या तिसऱ्या कपासारखे खरखरीत की मखमली, कारण तुरटपणा भरपूर असूनही मऊ असू शकतो आणि चांगल्या बाटलीत तसाच असतो. उष्णता, गिळल्यावर छातीत ऊब वाटते का. आणि अंग, टोन्ड की फुल क्रीम.

गिळल्यावर गप्प बसा आणि मोजा. पाच-सहा आकड्यांत चव संपली तर साधी, पंधरा-वीसपर्यंत राहिली आणि राहिलेली चव छान असेल तर बाटली चांगली. या मागे रेंगाळणाऱ्या चवीसाठी मी ‘शेपूट’ लिहिते, वहीत चालतं.

तीन-चार बाटल्या चाखायच्या असतील तर थुंकायला शिका, खरंच, सगळे प्रोफेशनल थुंकतात. आमच्याकडे सासऱ्यांच्या वडिलांची पितळी तस्त आहे, पानाची, ती माळ्यावरून काढली, चिंचेने घासली आणि टेबलावर ठेवली, इतक्या वर्षांनी तिला काम मिळालं. दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि फुलक्याचा कोरडा तुकडा.

लिहायचं काय

‘मस्त’, ‘स्मूद’ हे शब्द महिनाभर बंद. वहीत प्रत्येक बाटलीची दोन-तीन वाक्यं, रंग, दोन वास (दोनच, सात नकोत), तुरटपणा कसा, अंग, शेपूट. माझी एक नोंद आहे तशी देते, "शिराझ. पेपर दिसला नाही. मऊ पडलेली जांभळं, मागून मिरी, अर्ध्या तासाने लवंग पण. तुरटपणा आवळ्याएवढा पण रवाळ नाही. फुल क्रीम. अठरा मोजले. जरा गरम होती, अजून दहा मिनिटं फ्रिज हवा होता." हे वाचून सहा महिन्यांनी मला ती बाटली आठवते. त्याच्या वरच्या पानावर मी लिहिलंय "खूप रिच आणि कॉम्प्लेक्स", ती कोणती होती काही केल्या आठवत नाही.

आधी लिहा, मग बोला. एकाने मोठ्याने ‘चॉकलेट’ म्हटलं की सगळ्यांना चॉकलेट येतं.

बरोबर खायचं काय

इथे मी तोंडघशी पडलेली आहे, तेव्हा मनापासून लिहिते. मागच्या वर्षी ह्यांच्या मित्रांना जेवायला बोलावलं, साडेचौदा टक्क्यांची शिराझ, आणि माझ्या माहेरचा झणझणीत मटणाचा रस्सा, वर तर्री. मला वाटलं दणकट वाइन, दणकट रस्सा, जोडी जमली. पहिल्या घोटानंतर सगळे पाणी मागायला लागले. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, वाढवतं म्हणजे तोंडात ज्या नसांना मिरची कळते त्यांनाच ते चेतवतं, वरून टॅनिनने तोंड कोरडं, बिचारे घाम पुसत होते आणि वाइनची चव म्हणाल तर नुसता जाळ. शेवटी मी बाफल्यांवर (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) तूप ओतून दिलं तेव्हा कुठे शांत झालं. पुढच्या वेळी तेच मटण सुकं केलं, मिरची निम्म्याहून कमी, काळी मिरी, लवंग, भाजलेलं खोबरं वाढवलं, चरबी राहू दिली, आणि तीच शिराझ. काय सांगू! मिरीला मिरी भेटली, चरबी आणि मांसातल्या प्रोटीनने तुरटपणा उचलून घेतला, चहातल्या दुधासारखा. मटण संपलं तेव्हा बाटली आधीच संपली होती.

म्हणजे सूत्र असं, मीठ, स्निग्धपणा आणि प्रोटीन दणकट वाइनला मऊ करतात, जेवणातला आंबटपणा वाइनचा आंबटपणा झाकतो, तिखट आग लावतं, आणि गोड तर तिचा सत्यानाश करतं. जेवण वाइनपेक्षा गोड असलं की वाइन एकदम आंबट, कडवट, पातळ लागते. श्रीखंड-पुरी आणि कॅबर्ने एकत्र वाढू नका, जिलबी आणि काहीच नको, जिलबीबरोबर पोहेच. पोह्यांबरोबर चहा.

शाकाहारी घरांचं काय, कारण इंदूरमधली पुष्कळ मराठी घरं शाकाहारी. माझ्या मते वांग्याचं भरीत सगळ्यात वर, पण कांदा परतून, तेल सढळ, मिरची नावाला, आणि वांगं गॅसवर पार काळं होईपर्यंत भाजलेलं, तो धूर ओकमध्ये मुरलेल्या कॅबर्नेच्या धुराला जाऊन मिळतो. कडा करपलेला पनीर टिक्का, लोण्यात मिरी घालून परतलेले मशरूम (मीठ कमी पडू देऊ नका, मशरूमला मीठ कमी असेल तर वाइन कडू होते), लोणी घालून शिजवलेला राजमा, हे सगळं जमतं. भरली वांगी दाण्याचं कूट आणि खोबरं जास्त, गूळ अगदी कमी करून जमतात, पण गूळ घातलाच पाहिजे असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी वाइन बदलावी.

सराफ्याच्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या, वस्तू मी एकेक करून तपासल्यात, घरी आणून, कारण तिथे उभं राहून चाखायचं म्हणजे अशक्य. गराडू, तळलेला, वर जीरावन (इंदूरचा चटकदार कोरडा मसाला) आणि लिंबू, झिनफँडेलबरोबर फार छान, मीठ आहे, तेल आहे, लिंबाने वाइनचा आंबटपणा बसतो आणि जीरावनातला मसाला झिनफँडेलच्या मुरांब्यासारख्या फळाला शोभतो. भुट्ट्याचा कीस नाही, दूध आणि मक्याचा गोडवा, त्याला दणकट रेड दाबून टाकते, थंड पांढरी वाइन बरी. खोपरा पॅटीस (आत खोबऱ्याचं सारण भरलेली बटाट्याची) मध्येच कुठेतरी, मला आवडली, ह्यांना नाही. डाळ-बाफले तूप भरपूर आणि लसणाची चटणी बाजूला ठेवून. आणि रतलामची लौंग सेव, हे माझं आवडतं, लवंग ओकवाल्या शिराझशी बोलते, बेसन आणि तेल तुरटपणा घेतं, फक्त जास्त तिखटवाली आणू नका आणि एक एक मूठच घ्या नाहीतर जेवण राहतं. काहीच नसेल तर अमूल चीजचा क्यूब कापून ठेवा, खारट, स्निग्ध, प्रोटीन, तिन्ही आलं.

गोडाबरोबर रेड पाहिजेच असेल तर कडवट डार्क चॉकलेट, ७० टक्क्यांच्या आसपासचं, नाहीतर ती मघाची खरी पोर्ट मिळाली तर.

पहिल्या बैठकीला दोनच बाटल्या ठेवा, एक शिराझ, एक कॅबर्ने, बाजूबाजूला. एकटी चाखली की नुसतं ‘वाइन’ लागते, दोन शेजारी असल्या की फरक आपोआप दिसतो, एकीत मिरी, दुसरीत पेन्सिलची सालपटं. सोबत चार छोट्या ताटल्या, चीज, लौंग सेव, भरीत आणि एक मुद्दाम चुकीची, जिलबीचा तुकडा, म्हणजे सत्यानाश कसा होतो तेही एकदा कळतं. येणाऱ्यांना आधीच सांगा की गाडी आणू नका.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये, रेड असली तरी फ्रिजमध्येच, तीन-चार दिवस चांगली राहते, दुसऱ्या दिवशी तर काही दणकट वाइन जास्त छान लागतात. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. पाचव्या दिवशी हुंगून बघा, व्हिनेगरकडे गेली नसेल तर सुक्या मटणात कांदा परतून झाल्यावर अर्धी वाटी घाला आणि आटू द्या. आमच्याकडे आईंनी एकदा ती परस्पर औषधाच्या कपाटात ठेवली होती, द्राक्षासवाच्या शेजारी.